आधी आवळ, मग सोड

“मागे बकलं नाहीयेत हं. बाळ आहे ना तुमचं? मग सगळ्यात आधी ती बसवून घ्या.”

गाडीची किल्ली हातात देताना उज्वलाताई म्हणाल्या होत्या, आणि मी हसले होते. “मागे कोण लावतं बेल्ट, ताई!”

उज्वलाताईंकडून आम्ही ही दहा वर्षांची पांढरी गाडी घेतली. त्यांचा कुत्रा मागच्या सीटवर बसून फिरायचा. त्याच्या गादीला बेल्टची बकलं टोचतात म्हणून त्यांच्या मिस्टरांनी ती काढायला घेतली, बोल्ट काही निघेना, तेव्हा सरळ कापून टाकली. हे सगळं त्यांनी मला नीट सांगितलं होतं. मी ऐकलं ते फक्त कुत्र्याचं. गाडी इंदिरानगरला घरी आणल्यावर मी दोन तास मागच्या सीटवर केस शोधत बसले होते, सृष्टीला ॲलर्जी होईल म्हणून.

सृष्टी माझी मुलगी, अडीच वर्षांची. तिच्या बाबतीत मी डोळ्यात तेल घालून असते. द्राक्षं उभी चिरून देते, बादली पालथी ठेवते, खिडकीखाली स्टूल राहू देत नाही. अमोल, माझा नवरा, म्हणतो की माझ्या डोक्यात एक वॉचमन बसलाय आणि त्याला साप्ताहिक सुट्टी नाही.

तर त्या वॉचमनच्या नाकासमोर, मागच्या महिन्यात, विल्होळीजवळ एक कंटेनर इंडिकेटर न देता आमच्या पुढे घुसला. अमोलने ब्रेक मारला. सृष्टी माझ्या मांडीवर होती. मी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, म्हणजे धरलंय असं मला वाटत होतं. ओल्या हातातून साबणाची वडी सटकावी तशी ती गेली. तोंड पुढच्या सीटच्या प्लॅस्टिकवर आपटलं. ओठ फाटला, वरचा एक दात हलायला लागला.

“थोडक्यात निभावलं,” अमोल म्हणाला. डेंटिस्ट म्हणाल्या, दुधाचा आहे, बसेल परत. दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीकडून, राखीकडून, तिच्या मुलाची खुर्ची आणली. गाडीच्या सीटवर बांधायची असते ती लहान मुलांची खुर्ची. आणि ती बांधायला बसले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की खुर्चीला बेल्ट लागतो आणि बेल्टला बकल लागतं.

मागचे पट्टे दोन्ही बाजूंना शाबूत होते. ओढले की सुर्रकन बाहेर यायचे. अडकवायला जागाच नव्हती. आमच्या गाडीत डाव्या आणि उजव्या, दोन्ही बकलांना मिळून मधे एकच बोल्ट आहे, सीटच्या फटीतून थेट खालच्या पत्र्यात गेलेला. नवीन बकलं मागवली, ती चार दिवसांत आलीही. जुना बोल्ट काढायचा, नवीन बकलं ठेवायची, बोल्ट आवळायचा. पाच मिनिटांचं काम. रविवारी घोटीला अमोलच्या आतेभावाचा, शेखरचा, साखरपुडा होता. सोमवारी सकाळी चहा पिता पिता मी जाहीर करून टाकलं, बकलं बसल्याशिवाय सृष्टी या गाडीत बसणार नाही.

मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले तर काउंटरवरच्या मुलीने गाडी किती जुनी ते विचारलं, आत जाऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, गंजलेला बोल्ट आहे. पत्रा फाटला तर आम्ही जबाबदार नाही. आणि तसंही, मागे कोण लावतं?”

माझंच वाक्य, जसंच्या तसं.

मग वडाळा-पाथर्डी रोडवरचे कारभारी मिस्त्री. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गाड्या त्यांच्याकडेच जातात. मूळचे सटाण्याकडचे, पंचवीस वर्षं नाशकात, पण चिडले किंवा खूश झाले की अहिराणीवर येतात. त्यांनी मागची सीट उचलून बाजूला ठेवली, वाकून बघितलं, बोल्टवर नख घासलं.

“जाम शे, ताई.”

“निघेल ना?”

“निघंल नाय तर जाईल कुठं?” त्यांनी बोल्टच्या डोक्यावर गोटी बसवली. गोटी म्हणजे ती लोखंडी वाटी, आत कोन पाडलेली. तिला दांडा लावला, आणि दांड्यावर दीड हात लांबीचा पाईप चढवला.

“आधी तेल वगैरे टाकून ठेवायचं नाही का?” मी विचारलं. हे मी फोनवर वाचलं होतं.

“तेल टाकून वाट बघायला मी काय लोणचं घालतोय का, ताई? व्हा बाजूला.”

मी सृष्टीला घेऊन बाजूला झाले. मिस्त्रींनी पाईपाला लटकून जोर लावला. खट्! पाईप सुटला, त्यांची बोटं सीटच्या लोखंडी पट्टीवर आपटली. तोंडातून शिवी निघाली, पण सृष्टी बघत होती म्हणून अर्धी गिळली. गोटी उचलून त्यांनी आत बघितलं आणि मान हलवली.

“डोकं गोल व्हयी गयं.”

बोल्टच्या डोक्याचे सहाही कोन गेले होते. नुसती गुळगुळीत सुपारी राहिली होती. आता कुठलाच पाना त्याला धरणार नव्हता.

“काही टेन्शन नाही. गॅस लावतो. लाल केला की लोण्यासारखा निघतो.”

“खाली काय आहे?” मी विचारलं.

“कशाच्या खाली?”

“बोल्टच्या. या पत्र्याच्या खाली काय असतं?”

मिस्त्रींनी जरा आढेवेढे घेतले. “टाकी असते. पेट्रोलची. पण कडेला असते हो.”

“टाकीशेजारी तुम्ही ज्योत लावणार?”

“म्हणून तर सांगतोय, तुम्ही लांब उभं राहा.”

मी सीट परत आत टाकायला लावली आणि गाडी घेऊन निघाले. पाठीमागून त्यांचं चालूच होतं, “इतकं भ्यायचं तर पोरीला घेऊन फिरायचंच कशाला!” सृष्टीने त्या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट उचलली. घरी आल्यावर बाथरूमचं दार लागलेलं होतं, ते ढकलून ती म्हणाली, “जाम शे.” मग बिस्किटाचा डबा जाम शे, माझी ओढणी जाम शे. दोन दिवस घरात तेच.

संध्याकाळी अमोल म्हणाला, “एक रविवार घे ना मांडीवर. मी हळू चालवतो.”

“कंटेनरवाल्यालाही सांगशील का हळू चालव म्हणून?”

“मग काय करायचं?”

“एसटीने जाऊ.”

“घरी गाडी असताना? आत्या काय म्हणेल?”

“म्हणू दे काय म्हणायचं ते.”

“बरं. एसटीत बेल्ट असतो का?”

नसतो. आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलंय. गंजाचं सूत्र मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण बोटाएवढ्या एका बोल्टपुढे मी, अमोल आणि पंचवीस वर्षं मुरलेला एक मिस्त्री, तिघंही हरलो होतो. त्या सूत्राचं काय करायचं?

“पप्पांना विचारू का?” मी म्हटलं.

अमोल हसला. “पप्पांना विचारशील तर आधी त्या बोल्टचं मेडिकल करतील. मग रजिस्टर. मग तीन दिवस निरीक्षण. शेखरच्या पोराच्या बारशापर्यंत नक्की निघेल.”

पप्पा म्हणजे माझे सासरे. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. सासूबाई गेल्यापासून गॅलरीत पेपर घेऊन बसतात, फारसं बोलत नाहीत. त्यांच्याशी मी जेवणाचं, औषधाचं, सृष्टीचं बोलते. बोल्टचं बोलले नव्हते. का, ते मला सांगता येणार नाही. फोनवर बारा अनोळखी माणसांचे व्हिडिओ बघून झाले होते. एक म्हणाला डिझेल टाका, एक म्हणाला मेणबत्तीचं मेण, एक म्हणाला काळं थंड पेय ओता, त्यातलं आम्ल गंज खातं. हे शेवटचं मला पटलं, कारण आम्लाचं मला कळतं.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. बुधवारी तिथून आल्यावर पार्किंगमध्ये सीट उचलून मी बोल्टवर बाटली ओतत होते, तेवढ्यात मागे पप्पा येऊन उभे.

“हे काय करतेस?”

“गंज निघतो म्हणे याने.”

“मुंग्या येतील.”

एवढंच बोलून ते वर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उघडली तर मुंग्यांची रांग दारापासून सीटपर्यंत, आणि बोल्ट होता तिथेच. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडूच आलं. सृष्टी मुंग्या मोजत होती, एक, दोन, पाच, पाच.

पप्पा खाली आले. हातात बॅटरी. “तुझ्या पर्समध्ये छोटा आरसा असतो ना? दे.”

त्यांनी गाडीशेजारी पेपर अंथरला, त्यावर आडवे झाले, आणि आरसा धरलेला हात गाडीखाली सरकवला. “ये. वाक. बघ आता.”

आरशात बॅटरीच्या उजेडात पेट्रोलच्या टाकीची कड दिसली, आणि तिच्या बाजूला पत्र्यातून खाली आलेलं काहीतरी, चिखलाने माखलेलं, खारकेसारखं सुरकुतलेलं.

“हा तोच बोल्ट?”

“त्याची शेपटी. पेराएवढी खाली उतरलीय. दहा वर्षं चाकांनी उडवलेलं पाणी खाल्लंय तिने. वरून बोल्ट फिरवायचा म्हणजे ही एवढी गंजलेली शेपटी पत्र्यातल्या नटाच्या आट्यांमधून वर ओढायची. कशी येईल? तुम्ही सगळे डोकं धरून बसलात. अडकलंय खाली.”

“मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“विचारलंस का?”

मी त्यांच्या हातातून आरसा घेतला आणि पुसत बसले.

मग त्यांचं औषधपाणी सुरू झालं. गुरुवारी सकाळी, गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारी सकाळी, शुक्रवारी संध्याकाळी. खाली हात पोचेल तेवढा घालून तारेच्या ब्रशने शेपटी घासायची, गंज सोडवणाऱ्या तेलाची पिचकारी मारायची, वरून छोट्या हातोडीने डोक्यावर ठकठक करायची. जोराने नाही. दार वाजवल्यासारखी. मग जाऊन चहा प्यायचा.

“आज काढून बघू ना, पप्पा,” मी शुक्रवारी म्हटलं.

“नाही.”

“एकदा जोर लावून तर बघू.”

“तो दहा वर्षं बसलाय तिथे. तू त्याला दहा मिनिटं देतेस.”

“माझ्याकडे रविवारपर्यंतच वेळ आहे!” मी जरा ओरडलेच. “तुम्हाला कळत नाही का? तुम्ही त्या दिवशी गाडीत नव्हता. तुम्ही तिचं तोंड बघितलं नाही.”

पप्पांनी हातोडी पुसून पिशवीत ठेवली. “उद्या दुपारी काढू,” म्हणाले.

शनिवारी अमोल अंबडला कंपनीत होता. मी अर्धी सुट्टी काढली. सृष्टीला तिच्या त्या खुर्चीत पार्किंगच्या भिंतीशी बसवलं, हातात मुरमुऱ्यांची वाटी दिली. पप्पांनी गाडी जॅकवर घेतली आणि पाठीवर सरकत खाली गेले. शेपटीला शेवटचं तेल द्यायचं होतं आणि मी वरून फिरवताना ती फिरतेय का तुटतेय, ते बघायचं होतं. बाहेर फक्त त्यांचे दोन पाय दिसत होते.

मी गाडीत, सीट काढलेल्या जागी, गुडघ्यांवर. बोल्टच्या गोल झालेल्या डोक्यावर त्यांनी आधीच एक नंबर लहान गोटी ठोकून बसवली होती. आत सहाच कोन असलेली. “मिस्त्रीने बारा कोनांची लावली,” ते ठोकताना म्हणाले होते, “ती नुसती कडा धरते. सहाला सहाच पाहिजे.” दांडा माझ्या हातात होता. पाईप लावायला त्यांनी साफ मनाई केली होती. हाताला कळलं पाहिजे म्हणे, बोल्ट काय बोलतोय ते.

“पप्पा, सोडू?”

“नाही. आवळ.” आवाज खालून आला.

“काय?”

“आवळ. आधी आवळ, मग सोड.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पाच दिवस झाले सोडवण्यासाठी रक्त आटवतेय, आणि हे म्हणतात आवळ!

“अगं, केसभर फक्त. गंजाची पकड मोडायला. आवळायच्या बाजूला हलला की सुटायच्या बाजूला पण हलतो.”

मी आवळलं. काही झालं नाही. सोडायच्या बाजूला ओढलं. काही नाही. परत आवळलं. हाताच्या शिरा तटतटल्या. घाम डोळ्यात गेला. खालून पप्पा शांतपणे “परत” म्हणत होते, आणि त्या शांतपणाचाच मला संताप येत होता. परत. परत. परत. उद्या नऊ वाजता निघायचं. मग विल्होळी. मग तोच रस्ता, तेच कंटेनर. मी दोन्ही पाय दाराच्या चौकटीला लावले, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाठ मागे टाकून सगळ्या अंगाने ओढलं.

टक्.

पहिल्यांदा वाटलं तुटला. मग हाताला कळलं की नाही, फिरला. चांगला पाव वेढा फिरला. मला इतका आनंद झाला की मी ओरडणार होते, तेवढ्यात गाडी हलली. एका बाजूला गेली आणि खाली बसली, लिफ्ट थांबताना बसते तशी.

मी आधी सृष्टीकडे बघितलं. ती भिंतीपाशी मुरमुरे खात होती, गाडीपासून लांब. तिला काही झालं नव्हतं, म्हणून मला वाटलं कुणालाच काही झालं नाही. किती वेळ तसं वाटलं माहीत नाही. एक श्वास असेल. मग मी खाली त्या पायांकडे बघितलं.

ते हलत नव्हते.

“पप्पा?”

उत्तर नाही. मला उतरायचं होतं, पण उतरायचं कसं? माझं पंचावन्न किलोचं वजन त्याच गाडीत होतं. मी हलले तर गाडी हलणार. मी दांडा सोडला नाही, पाय काढला नाही. “पप्पा!”

“हलू नकोस.”

आवाज अगदी सपाट. कारखान्यात असाच बोलत असणार. मग पाय हलले, टाचा टेकल्या, गुडघे बाहेर आले. सगळ्यात शेवटी डोकं बाहेर आलं, केसांत चिखल, बनियन खांद्यावर फाटलेलं, आणि त्याखाली वीतभर सोललेलं.

“आता उतर. हळू. त्या दाराने.”

उतरून बघितलं. जॅकचा तळ फरशीच्या दोन ब्लॉकांच्या फटीत रुतून तिरका झाला होता आणि गाडीची कड त्याच्या टोकावरून घसरून त्याच्या अंगावर अडकली होती. बस्स. त्या एका वाकड्या लोखंडावर सगळी गाडी, आणि तो सुटला तर गाडी टेकायला खाली दुसरं काही नाही.

“स्टेपनी नाही ठेवली खाली?”

“नाही.”

“विटा?”

“नाही.”

“तुम्ही?” माझा आवाज फाटला. “अमोलने चाक बदलताना स्टेपनी खाली सरकवली नाही तर त्याला दोन दिवस सुनावता तुम्ही!”

“हो.” पप्पा भिंतीशी, सृष्टीच्या शेजारी खाली बसले. “तुझं चाललं होतं ना, रविवार, रविवार. म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम.”

मी त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या इतकं ओरडले. जॅकला लाथ मारणार होते, तेवढ्यात पप्पांनी नुसती मान हलवली. “कारखान्यात असतो तर आज मेमो मिळाला असता,” ते म्हणाले. त्यांनी हात मुरमुऱ्यांच्या वाटीत घातला, तो तिथेच राहिला.

सृष्टी त्या हाताकडे बघत राहिली. वाटीतून काही बाहेरच येत नव्हतं. “आबा जाम शे,” ती म्हणाली.

जखमेला औषध लावलं, चहा झाला. पप्पांना मी वर जाऊन पडा म्हटलं, ते ऐकेनात. मग जॅकखाली फळी टाकली, गाडी परत उचलली, कडेला स्टेपनी सरकवली, तिच्याशेजारी विटांचा थर लावला. आता खाली कुणी जायची गरज नव्हती. बोल्टची पकड मोडली होती. अर्धा वेढा सोडायचा, पाव वेढा आवळायचा, तेल टाकायचं. प्रत्येक वेळी तपकिरी भुकटी पडायची. घाई केली की तो परत अडायचा, कुरकुरायचा, मग मागे जायचं. पाऊण तास लागला. निघाला तेव्हा हातात घेतला. करंगळीएवढा, कोमट.

पप्पांनी आटे साफ केले, नवीन बोल्ट आधी हाताने फिरवून बघितला, मग बकलं बसवून आवळला. मी पट्टा ओढला आणि अडकवला. टिक्. सोडला. परत अडकवला. “झिजवशील,” पप्पा म्हणाले.

रविवारी सृष्टी खुर्चीत बांधली गेली आणि पाथर्डी फाट्यापासून मुंढेगावपर्यंत रडली. पट्टा ओढून ओढून “जाम शे, मम्मा, जाम शे!” अमोल आरशातून बघत म्हणाला, “हेच हवं होतं ना तुला?” मी म्हटलं, हो, हेच. साखरपुड्यात आत्यांनी सगळ्यांना दाखवलं, “बघा हो, आमच्या सूनबाईने नातीला गुरासारखी दावणीला बांधून आणलीय.” सगळे हसले. मीही हसले, हसायला लागतं. येताना वाडीवऱ्ह्याला ती झोपली.

इथे हे संपायला हवं होतं. पण अमोलने साखरपुड्यात बोल्टची गोष्ट रंगवून सांगितली, जॅकचं वगळून, कारण ते त्याला सांगायचं नाही असं पप्पांनी मला बजावलं होतं. आठवड्याभरात कारभारी मिस्त्री स्वतः घरी हजर. “बाबा, ते शेपटीचं काय शे, माले पण सांगा.” पप्पांनी त्यांना चहा पाजला आणि तासभर शिकवलं. तेव्हापासून मिस्त्री जाम झालेली प्रत्येक गोष्ट आमच्याकडे पाठवतात. चाकाचे नट, रिक्षाचा सायलेन्सर, कुणाच्या तरी जीपचा काय म्हणतात तो पाटा. पप्पा खूश आहेत. जेवताना बोलतात. सासूबाई गेल्यावर इतकं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणून मला त्यांना नको म्हणता येत नाही.

पण ते हे करतात दुपारी. मी चारपर्यंत लॅबमध्ये, अमोल अंबडला, सृष्टी पाळणाघरात, बिल्डिंग झोपलेली. “स्टेपनी ठेवली होती ना?” मी रोज विचारते. ते म्हणतात, “हो, हो.” हा माणूस आयुष्यात कधी दोनदा हो म्हणत नाही. फोन केला तर फोन भिंतीवर ठेवलेला असतो, वाजत राहतो. आणि मी इकडे काउंटरवर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चुकीची नावं लिहीत असते.

तर तुमच्यापैकी कुणी इंदिरानगरात राहत असेल, किंवा दुपारी दोन-अडीचला तिकडून जात असेल, तर एक करा. जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या गल्लीत, पिवळ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाडीखालून दोन पाय बाहेर दिसले तर तसेच पुढे जाऊ नका. आधी वाकून बघा, कडेला स्टेपनी आहे का, विटा आहेत का. मग “पगारे बाबा” म्हणून हाक मारा, पप्पांना इथे सगळे तेच म्हणतात. पहिल्या हाकेला ते ओ देत नाहीत. दुसरी मारा. “काय आहे?” असं चिडून म्हणाले की झालं, जा तुमच्या कामाला. काहीच म्हणाले नाहीत तर थांबा, कुणाला तरी बोलवा, काहीही करा.

फक्त हाक मारताना गाडीला टेकू नका.